‘विनो’ म्हणजे उफणणे

इंग्रजीत ‘विनो’ असे एक क्रियापद आहे. पुस्तकात ते क्वचितच भेटते. पण भेटले, की वर्गात त्याचा अर्थ बहुधा एका दमात सांगून टाकतात : ‘विनो म्हणजे वेगळे करणे’. मुलगा तो वहीत उतरवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी वाक्य करून आणतो : ‘आय विनोड माय बुक्स फ्रॉम हिज बुक्स’. म्हणजे, मी माझी पुस्तके त्याच्या पुस्तकांतून उफणली! गुरुजी लाल रेघ ओढतात. पण चूक कुणाची? मुलाने तर सांगितला तोच अर्थ वापरला.

आता जरा खळ्यावर चला. मळणी झाली आहे. दाणे आणि भूस एकत्र पडले आहे. वारा सुटला, की गडी तिपाईवर उभा राहतो, भरली पाटी उंच धरतो आणि हळूहळू रिती करतो. दाणा जड, तो सरळ खाली पडतो. भूस हलके, ते वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पडते. याला आपण उफणणे म्हणतो आणि इंग्रजी शेतकऱ्याचा ‘विनो’ तो हाच. हा शब्द ‘विंड’, म्हणजे वारा, यावरूनच झालेला आहे. खिडकीला ‘विंडो’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. आपल्याकडे संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ म्हणतात, तेही वाऱ्यावरूनच. ‘विनो’ आणि ‘विंडो’ यांत मुलांचा घोटाळा होतो. हे नाते सांगितले, तर दोन्ही शब्द ध्यानात राहतील.

मग नुसत्या ‘वेगळे करणे’ला काय म्हणावे? त्याला ‘सेपरेट’. भांडणारी मुले, दूध आणि साय, दोन गावांमधली नदी, कुठेही हा शब्द चालतो. बाकीचे शब्द मात्र आपापले साधन बरोबर घेऊन येतात. चाळणीच्या भोकांनी लहानमोठे वेगळे केले, तर ते ‘सिफ्ट’, म्हणजे चाळणे. डोळ्यांनी पाहून, हातांनी एकेक प्रकार बाजूला लावला, तर ते ‘सॉर्ट’. आणि वाऱ्याने हलके-जड वेगळे केले, तर ‘विनो’. पुस्तके वाऱ्याने वेगळी होत नाहीत, म्हणून त्या मुलाचे वाक्य चुकले. तिथे ‘सेपरेट’ किंवा ‘सॉर्ट’ हवे होते.

वाक्यात हा शब्द कसा बसतो तेही पाहू. ‘दे विनोड द ग्रेन’, त्यांनी धान्य उफणले. ‘दे विनोड द चाफ फ्रॉम द ग्रेन’, त्यांनी धान्यातले भूस उफणून काढले. पाहा, मराठीतही आपण धान्य उफणतो आणि भूसही उफणून काढतो. दोन्ही भाषांची रीत एकच आहे. ‘तून’ या अर्थी ‘फ्रॉम’ आला, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

पुढे हा शब्द खळे सोडून कचेरीत शिरला. दोनशे अर्जांतून दहा राखले, की इंग्रजीत म्हणतात, अर्ज ‘विनो’ केले. निरुपयोगी ते उडून गेले, वजनदार ते राहिले, हा त्यातला भाव. आपणही पोकळ बोलण्याला ‘फोल’ म्हणतो, आणि फोल म्हणजे धान्याचे टरफलच की!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेतकऱ्याच्या घरातले मूल उफणणे, पाखडणे, चाळणे, निवडणे हे चार शब्द हातांनी शिकून शाळेत येत असे. आता मळणीयंत्र आले आणि बऱ्याच गावांतून खळी गेली. यंत्रातही पंखा वारा घालून भूस उडवतोच, पण ते मुलाच्या डोळ्यांआड होते. अशा वेळी चारही शब्दांना ‘वेगळे करणे’ हा एकच अर्थ दिला, तर इंग्रजी शब्द पक्का होत नाही आणि मराठी शब्दही हातचा जातो. तेव्हा हा धडा येईल त्या दिवशी एक सूप, एक चाळणी आणि मूठभर न निवडलेले धान्य वर्गात न्या. मुलांकडून पाखडून, चाळून, निवडून घ्या. मूठभर धान्य उंचावरून सोडून त्याला पुठ्ठ्याने वारा घालायला सांगा. आधी प्रत्येक कामाचे मराठी नाव त्यांच्याच तोंडून येऊ द्या, आणि मग फळ्यावर इंग्रजी शब्द लिहा.