खुनी सापडला, तरी 'मेमरीज ऑफ मर्डर'चा शेवट संपत नाही. डिटेक्टिव्ह नेमकं कुणाकडे बघतो?

(स्पॉयलर अलर्ट : सिनेमा बघायचा असेल तर इथेच थांबा.)

रहस्यपटाच्या शेवटी खुनी सापडायलाच हवा, अशी आपली अपेक्षा असते. बाँग जून-हो यांच्या २००३ च्या 'मेमरीज ऑफ मर्डर'मध्ये तो सापडत नाही. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ दरम्यान १० महिला आणि मुलींचे खून झाले. त्यावर हा सिनेमा बेतलाय. तो आला, तेव्हाही सीरियल किलर कोण हे पोलिसांना माहीत नव्हतं.

शेवटी काय होतं?

पोलिसाची नोकरी सोडलेला पार्क अनेक वर्षांनी त्याच शेतातल्या नाल्यापाशी थांबतो, जिथे सुरुवातीला एक मृतदेह सापडला होता. एक लहान मुलगी त्याला सांगते, "मागे एक माणूस इथे असाच वाकून बघत होता. खूप पूर्वी इथे काहीतरी केलं होतं, ते आठवलं म्हणाला." दिसायला कसा होता? तर साधाच, चारचौघांसारखा. पार्क सुन्न होतो आणि थेट कॅमेऱ्यात बघतो.

या नजरेचा अर्थ काय?

डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो, ही पार्कची सुरुवातीची फुशारकी. पण बोगद्यापाशी संशयिताच्या डोळ्यांत बघूनही त्याला काहीच कळत नाही. शेवटी तो आपल्याकडे बघतो, कारण खुनी चारचौघांसारखा असेल, तर तो प्रेक्षकांतही असू शकतो. खुन्याने सिनेमा पाहिला तर त्याच्याशी नजरानजर व्हावी, हा दिग्दर्शकाचा हेतू होता.

मग खुनी सापडल्यावर काय झालं?

२०१९ मध्ये डीएनएमुळे ली चून-जे हे नाव समोर आलं. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासूनच तुरुंगात होता. त्याने गुन्हे कबूल केले, पण खटल्याची कायदेशीर मुदत २००६ मध्येच संपली होती. सिनेमा पाहून काहीच वाटलं नाही, असं त्याने कोर्टात सांगितलं.

यातल्याच एका खुनासाठी एका निर्दोष माणसाने सुमारे २० वर्षं तुरुंगात काढली होती. पोलिसांनी जबरदस्तीने त्याचा जबाब घेतला होता. २०२० मध्ये तो निर्दोष सुटला. सिनेमातला पार्कही संशयितांना मारहाण करून कबुली घेताना दिसतो.

म्हणून आज तो शेवट बघताना प्रश्न बदलतो. खुनी कोण, हे आता माहीत आहे. पण चेहरा बघून गुन्हेगार ठरवणाऱ्यांचं काय?