भाड्यासाठी फ्लॅट घेताय?

डोंबिवलीतल्या स्वस्त फ्लॅटच्या भाड्याचा हिशेब मांडण्याआधी इमारत अधिकृत आहे का, ते बघा. पालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) क्रमांक मिळवलेल्या इथल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणजे नुसता क्रमांक पुरत नाही. बांधकाम परवानगी महापालिकेतच पडताळावी.

करार अकरा महिन्यांचा असला म्हणून नोंदणी टळत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५नुसार ती जबाबदारी मालकाची. टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य! एजंट हे क्वचितच सांगतो.

ठाणे असो वा कल्याण, स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारं सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच.