घराला कुलूप, पण कॅमेरा जागा आहे ना?



दिवाळीची सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेक कुटुंबे ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे गावी जातात. घर कित्येक दिवस बंद राहते. आता बऱ्याच घरांत वायफाय कॅमेरे आहेत. परंतु गावी पोहोचल्यावर मोबाइलवर ‘ऑफलाइन’ दिसले, तर इथे येऊन पाहणार कोण? म्हणून सुट्टीपूर्वीच ही माहिती देत आहोत.

कॅमेऱ्याचे चित्र आपल्यापर्यंत एका साखळीने येते: वीज, कॅमेरा, राऊटर, इंटरनेट आणि शेवटी आपला मोबाइल. कोणती कडी तुटली ते क्रमाने शोधावे. घाईने नवा कॅमेरा आणू नये.

१) वीज : कॅमेऱ्याचा दिवा लागतो का, ते प्रथम पाहावे. दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्रीच बंद पडत असेल, तर अॅडॅप्टर किंवा वायर तपासावी. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यांना जास्त वीज लागते. कमजोर अॅडॅप्टर किंवा लांब, बारीक वायर ती पुरवू शकत नाही.

२) कॅमेरा ते राऊटर : कॅमेरा काढून राऊटरजवळ आणून लावावा. तिथे चालला तर कॅमेरा ठीक आहे, दोष अंतराचा किंवा अडथळ्याचा आहे. स्लॅब, लोखंडी कपाट, पत्रा, पाण्याची टाकी या सर्वांमुळे सिग्नल अडतो. राऊटर कोपऱ्यात किंवा टीव्हीमागे न ठेवता उंच, मोकळ्या जागी ठेवावा.

बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झवर नाही. जोडणी करताना ही बाब अवश्य पाहावी. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्याविना वापरासाठी खुला झाला, त्यामुळे तिथे गर्दी फार आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास याच लहरींवर चालतो. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राऊटर एकमेकांना अडथळा करतात. अशा वेळी राऊटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडावे, कारण हे तीन चॅनेल एकमेकांवर येत नाहीत.

राऊटर किंवा त्याचा पासवर्ड बदलला असेल, तर कॅमेरा जुनाच पासवर्ड धरून बसतो. त्याची जोडणी पुन्हा करावी.

३) राऊटर ते इंटरनेट : घरातील वायफायवर मोबाइल जोडून, मोबाइल डेटा बंद करून एखादे संकेतस्थळ उघडावे. उघडले नाही, तर तक्रार इंटरनेट कंपनीकडे करावी. कॅमेरा इन्व्हर्टरवर आणि राऊटर साध्या वीजजोडणीवर असेल, तर वीज जाताच संपर्क तुटतो. दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

सुरक्षेची आणखी एक बाब. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यांपैकी अनेकांचे पासवर्ड कंपनीने दिलेलेच होते, कोणी बदललेच नव्हते. आपण ते आजच बदलावेत. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असावे. संपर्क तुटला तरी वीज असेपर्यंत चित्रण त्यात साठत राहते. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्यांच्या दाराकडे असू नये.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ : प्रकाशाच्या वेगाला २.४ गिगाहर्ट्झने भागा. लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर येईल. मग मोबाइल घेऊन घरभर फिरा, सिग्नल कुठे कमी होतो त्याचा नकाशा काढा आणि वडिलांना दाखवा.

पालकांना विनंती की ही तपासणी निघण्याच्या आठ दिवस आधी करावी. शेवटी घराबाहेर जाऊन, मोबाइल डेटावर चित्र दिसते का ते पाहावे. आणि शेजाऱ्यांना सांगून जाण्याची आपली जुनी रीत सोडू नये. वीज गेली तर कॅमेरा झोपतो, पण चांगला शेजारी दाराकडे लक्ष ठेवतो.

सर्वांना सुखरूप प्रवासासाठी शुभेच्छा.