चष्म्याचा भाव

ब्रिस्टल : इंग्लंडमध्ये घरातलं वडीलधारं माणूस गेलं की बरेचदा लिलाववाल्याला बोलावतात. कपबश्या, पदकं, जुनी पत्रं, सगळ्यांवर नंबर चिकटतात. वस्तू कायद्यानं तुमची, मग विकायचा हक्कही तुमचा, अशी इथली सरळ समजूत. इथल्या हॅनम उपनगरातल्या अशाच एका लिलावघराच्या पत्रपेटीत २०२० साली कुणीतरी साध्या पाकिटातून गांधीजींचा म्हणून एक चष्मा टाकून गेलं. २१ ऑगस्टला तो २ लाख ६० हजार पौंडांना गेला.

हाच देश रक्ताच्या बाबतीत मात्र बाजार मानत नाही. रक्तदात्याला चहा-बिस्किटं मिळतात, पैसे नाहीत. रक्ताला दाम लावला की देण्याची वृत्तीच आटते, असं समाजधोरणाचे अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये इथंच मांडलं. तरीही २०१३ साली श्रॉपशरच्या मलॉक्स या लिलावघरानं गांधीजींच्या रक्ताचे म्हणून काचपट्टीवरचे नमुने लिलावाला काढले. ते विकले गेले नाहीत. पण कुणाला लाज वाटली म्हणून नव्हे, बोली कमी पडली म्हणून. मला हे अजून टोचतं.

गांधीजींना विक्रीचं वावडं नव्हतं. अस्पृश्यता निवारणासाठी नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघालेल्या हरिजन यात्रेत मिळालेल्या भेटींचा ते भर सभेत लिलाव करत, सहीचे पाच रुपये घेत. तो पैसा हरिजन फंडात जाई. देणाऱ्याला ते ठाऊक असे आणि घेणाऱ्यालाही. आजच्या लिलावात तो विश्वासच गळून पडला आहे. उरली आहे फक्त मालकी.

याची झळ वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमाला, बसते. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा, घड्याळ, चपला आणि ताट-वाटी विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलरना घेतली. मद्याच्या पैशातून! २०११ मध्ये सेवाग्राम आश्रमातला चष्मा चोरीला गेल्याची बातमी आली. परदेशात असे आकडे जाहीर होऊ लागले की आश्रमात विश्वासानं मांडलेली साधी वस्तूही ‘माल’ ठरते, आणि मग पहारा बसवावा लागतो.

म्हणून मला वाटतं, भारत सरकारनं कागदपत्रं जरूर मिळवावीत. २०१२ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेकडून गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र कॅलनबाख यांच्याकडचा पत्रसंग्रह घेतला ते योग्यच झालं. पत्रं अभ्यासकांना वाचता येतात. चष्म्या-चपलांसाठी मात्र भारतातून एकही बोली लागू नये. तो पैसा सेवाग्राममधल्या बापू कुटीच्या माती-बांबूच्या भिंतींवर आणि कौलांवर खर्च व्हावा; त्यांची डागडुजी कधीच संपत नाही.