चित्र काढून पोट भरते काय?
स्वतंत्र चित्रकाराच्या कामाचा आणि कमाईचा सरळ हिशेब

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला आयटीआयला घालायचे की सायन्सला? मुलीला नर्सिंगला पाठवायचे की डी.एड.ला? अशा वेळी एखादी मुलगी हळूच म्हणते, "मला चित्रकला शिकायची आहे." वडील तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारे, आई चार घरची कामे करणारी. त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "बाळा, चित्र काढून पोट भरते काय?"

हा प्रश्न चुकीचा नाही. ज्यांनी हाताच्या कष्टावर घर उभे केले त्यांनी तो विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर "नाही" असे एका शब्दात देऊन मुलीची वही बंद करू नये. चित्रकला हा छंद आहे तसाच तो धंदाही आहे. त्याला मालक नाही, पगार नाही, पण गिऱ्हाईक आहे, दर आहे, उधारी आहे आणि हक्कही आहेत. तो धंदा नीट समजून घेऊ आणि मग ठरवू.

पाटी रंगवणारे हात

पनवेल हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. येथील नगरपालिका १८५२ सालची, महानगरपालिका झाली ती २०१६ साली. रस्त्याचे गाव म्हटले की पाट्या आल्या. दुकानाची पाटी, खानावळीचा फळा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभ्या असलेल्या ट्रकवरची अक्षरे, निवडणुकीच्या भिंती. ही कामे करणाऱ्याला आपण नुसते 'पेंटर' म्हणत आलो. चौदा एप्रिल जवळ आला की याच पेंटरकडे वस्तीतले कार्यकर्ते कापडी फलक घेऊन जात. विहाराच्या भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत रंगवले तेही याच हातांनी. यातले कितीतरी जण कोणत्याही कला महाविद्यालयात गेले नव्हते. उस्तादाच्या हाताखाली डबे धुता धुता ते शिकले.

दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला. जे काम दोन दिवसांचे होते ते तासाभरात छापून मिळू लागले आणि पाटीचा धंदा बसला. त्यातून एक धडा घेण्यासारखा आहे. ज्याला फक्त अक्षरे भरता येत होती त्याच्या हातचे काम यंत्राने आधी नेले. ज्याला चेहरा साधत होता, प्रसंग रचता येत होता, त्याच्याकडे लोक येत राहिले. कौशल्य जितके खोल, तितका धंदा टिकाऊ.

मुखपृष्ठावरची माणसे

पाटीवाल्या पेंटरचाच एक भाऊबंद म्हणजे पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रे काढणारा. मराठीत त्याची मोठी परंपरा आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक म्हणजे चित्रकारांचे हक्काचे पीक झाले. गोव्यात मडगावला १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि असंख्य पुस्तकांना मुखपृष्ठे दिली. १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंकच सुरू केला. म्हणजे दुसऱ्याच्या अंकाची वाट न पाहता ते स्वतः प्रकाशक झाले. १९७१ साली ते गेले. त्यांच्या बरोबरीचे रघुवीर मुळगावकर, तेही गोव्याचेच. त्यांची कॅलेंडरे घराघरांतल्या भिंतींवर लागली.

बेळगावचे रवी परांजपे के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली शिकले. मुंबईत जाहिरातीच्या क्षेत्रात त्यांनी नोकरी केली, काही काळ नैरोबीतही काढला आणि नंतर स्वतंत्र काम केले. बांधायच्या इमारती पूर्ण झाल्यावर कशा दिसतील याची त्यांनी काढलेली चित्रे वास्तुरचनाकारांमध्ये नावाजली गेली. एकीकडे हे पोटापाण्याचे काम आणि दुसरीकडे स्वतःच्या आवडीची पेंटिंग, असे दोन्ही त्यांनी चालवले. २०२२ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. आधी नोकरीत शिस्त आणि ओळखी मिळवायच्या, मग स्वतंत्र व्हायचे, हा त्यांचा रस्ता आपल्या मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्या घरातल्या पोरांनी बाबासाहेबांचे चरित्र पहिल्यांदा वाचले ते पुष्कळदा चित्रांतूनच. अमर चित्र कथेने १९७९ साली काढलेल्या चरित्राची चित्रे दिलीप कदम यांची. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने 'भीमायन' काढले. त्याची चित्रे भोपाळचे परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी काढली. चौकटीत चौकट असे कॉमिक त्यांनी केले नाही. आपल्या परंपरेतल्या वळणदार नक्षीने पाने जोडली. त्यांची नावे पुस्तकावर ठळक छापली गेली, हे विशेष.

एका चित्रामागचे कष्ट

लोकांना वाटते, कागद घेतला आणि चित्र काढले. तसे नसते. समजा पनवेलच्या एखाद्या चित्रकाराला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे चित्र सांगितले. महाड आपल्याच रायगड जिल्ह्यातले. तो आधी मजकूर वाचील. सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ रोजी. त्या दिवशी बाबासाहेब ३५ वर्षांचे होते. मग तळ्याच्या पायरीवर उतारवयातला चेहरा, निळा सूट आणि हातात संविधान असे काढले तर ते चूक ठरेल. संविधान तेव्हा कोठे होते? हातात ग्रंथ आणि वर केलेले बोट ही ठेवण आपल्या डोळ्यांत बसली ती पुतळ्यांमुळे. त्यांतला मोठा पुतळा म्हणजे शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला, २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात बसवलेला. तसेच १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा समारंभाचे चित्र काढायचे तर वेश पांढरा हवा.

म्हणून चांगला चित्रकार जुने फोटो पाहतो, एस.टी.ने जाऊन जागा पाहतो, पायऱ्या मोजतो, जाणत्यांना विचारतो. मग पेन्सिलीने दोन-तीन कच्ची रेखाटने करून दाखवतो. त्यांतले एक पसंत पडले की पक्के काम सुरू होते. ब्लॉकच्या छपाईच्या काळात निब आणि काळ्या शाईने स्वच्छ रेघ ओढावी लागे, कारण लाइन ब्लॉकमध्ये फिकी छटा उमटत नसे. आज पुष्कळ काम कॉम्प्युटरच्या पाटीवर होते. साधन बदलले तरी वाचणे, शोधणे आणि रचणे बदललेले नाही.

दर कसा ठरवायचा?

येथेच पुष्कळ गुणी माणसे बुडतात. शेजारचा हजार घेतो म्हणून मी आठशे घेतो, असा दर ठरवू नये. हिशेब घरापासून सुरू करावा. समजा घरखर्चाला महिन्याला २०,००० रुपये लागतात. रंग, कागद, वीज, फोन आणि लोकलचा पास मिळून ४,०००. एकूण २४,०००. महिन्यात कामाचे दिवस २५ धरले तरी सगळे दिवस चित्र काढण्यात जात नाहीत. गिऱ्हाईकाला भेटणे, दुरुस्त्या करणे, पैशासाठी खेटे घालणे यांत नऊ दिवस गेले तर चित्राला उरले १६. चोवीस हजारांना सोळाने भागा. एका दिवसाचे १,५०० रुपये झाले. चार दिवस लागणाऱ्या मुखपृष्ठाचे ६,००० घेतले तर घर नुसते चालेल. आजारपण, मुलांची फी आणि म्हातारपण यांसाठी वर आणखी काही हवे. कारण या धंद्यात प्रॉव्हिडंट फंड नाही, बोनस नाही, भरपगारी सुट्टी नाही.

कमाई वर्षभर सारखीही नसते. दिवाळी अंकांचे काम पावसाळ्यात येते आणि पैसे बऱ्याचदा दिवाळी उलटून गेल्यावर. म्हणून भरल्या महिन्यातून रिकाम्या महिन्यासाठी बाजूला काढण्याची सवय लागते. घरच्या बाईने हा हिशेब हातात घेतला तर तो अधिक चोख राहतो. काम घेताना एक-तृतीयांश रक्कम आधी, एक-तृतीयांश कच्चे चित्र पसंत पडल्यावर आणि उरलेली पक्के चित्र देताना, अशी वाटणी ठेवावी. किती दुरुस्त्या फुकट आणि कितवीपासून पैसे, हे आधीच कागदावर लिहावे. असंघटित कामगारांसाठी २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीची चौकशीही करावी.

नाव आणि हक्क

अजिंठ्याला आपण सहलीने जातो. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात दान देणाऱ्या वराहदेवाचे नाव आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. पण ज्यांनी करुणेने झुकलेली ती नजर भिंतीवर रंगवली त्या हातांची नावे कोणाला ठाऊक आहेत? कष्टकऱ्याच्या वाट्याला हे अनामिकपण पिढ्यान् पिढ्या आले.

आज कायदा वेगळे सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रकाराला त्याच्या चित्रावर हक्क दिला आहे. तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. मात्र एक मेख आहे. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र काढले आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून दोन ओळींचा का होईना, करार हवा : हे चित्र या पुस्तकाच्या या आवृत्तीपुरते, मूळ चित्र माझे. आणि हक्क विकला तरी आपले नाव सांगण्याचा आणि चित्राची विटंबना थांबवण्याचा अधिकार याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने चित्रकाराकडेच राहतो.

"समाजाचे काम आहे"

आता थोडे आपल्या घरचे बोलू. जयंतीला मंडप, लाऊडस्पीकर आणि बँजो यांचे पैसे मोजून दिले जातात. चित्रकार मात्र आपलाच पोरगा म्हणून त्याला सांगतात, "समाजाचे काम आहे, पैसे कसले मागतोस?" त्याने एकदा दान म्हणून चित्र द्यावे, आनंदाने द्यावे. पण दान हे देणाऱ्याच्या मर्जीचे असते, मागून घेतलेले ते दान नव्हे, ती वेठ झाली. फुकट राबवून घेण्याविरुद्ध तर आपल्या आधीच्या पिढ्या लढल्या. विहार समितीने खर्चाच्या यादीत चित्रकाराचे नाव आणि रक्कम लिहावी, आणि चित्राखाली त्याची सही राहू द्यावी. त्यातून वस्तीतल्या दुसऱ्या दहा मुलांना कळेल की या कामाला किंमत आहे.

शिकायचे कोठे?

शाळेत असतानाच शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा द्याव्यात. पुढे कला शिक्षक व्हायचे तर त्याचा पदविका अभ्यासक्रम आहे. चित्रकार किंवा जाहिरात कलाकार व्हायचे तर बी.एफ.ए.चा चार वर्षांचा मार्ग आहे. त्यासाठी प्रवेश परीक्षा असते. १८५७ साली सुरू झालेली जे. जे. ही संस्था सीएसएमटी स्टेशनच्या समोरच आहे. पनवेलहून हार्बरची लोकल पकडली की गाडी न बदलता तेथे पोहोचता येते. प्रवास दीड तासाच्या आत-बाहेरचा, पण होस्टेलचा खर्च वाचतो. १९९० सालच्या कायद्याने अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. म्हणून जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीपासून तयार ठेवून शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा. रंगांचा खर्च फीपेक्षा जड वाटू लागतो, त्याची तयारी हवी.

काळजीही घ्यावी. काही रंगांत शिसे असते. ब्रशचे टोक तोंडात घालून सरळ करण्याची सवय वाईट. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुले दूर असावीत. दहा बाय बाराच्या खोलीतही खिडकीजवळचा एक कोपरा आणि संध्याकाळचे दोन तास राखून ठेवता येतात. मुलीला हे काम लग्नानंतरही घरात बसून करता येते असे म्हणतात. ते खरे, पण त्यासाठी सासरच्यांनी तिच्या टेबलाला काम मानले पाहिजे, करमणूक नव्हे.

अलीकडे नुसते सांगितले की चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. फ्लेक्सच्या वेळी जशी झळ लागली तशी आताही लागेल. स्वस्त, घाईची, कोठलीही चालणारी चित्रे त्यांच्याकडे जातील. पण महाडच्या त्या दिवशी पायरीवर कोण कसे उभे होते, आपल्या आजीच्या लुगड्याचा काठ कसा होता, हे जाऊन पाहणारा आणि चुकले तर जबाबदार राहणारा माणूसच लागेल.

तेव्हा पोट भरते काय? ज्याने हात घडवला, वाचन केले, दर मांडला आणि करार लिहून घेतला, त्याचे भरते. पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात, जोडीला शिकवणी किंवा नोकरी धरावी लागते. मुलीने वही पुढे केली तर आधी ती शेवटच्या पानापर्यंत पाहा. वर्षभर रोज काढते आहे काय, तेवढे तपासा. काढत असेल, तर तिला पहिली रंगपेटी घेऊन द्या आणि पहिली हिशेबाची वहीसुद्धा.