गळाची काठी मोडली. जोडावी की नवी घ्यावी?

अंबाझरी, फुटाळा, सक्करदरा अशा तलावांच्या आपल्या नागपुरात गळ टाकायचा नाद काही नवा नाही. पण मोठ्या रोहूने ओढ घेतली, काठी कडाडली आणि पोरगा तोंड पाडून घरी आला, की प्रश्न येतो पैशांचा. पोरगा म्हणतो, "बाबा, नवी घेऊन द्या." बाबांच्या डोळ्यांपुढे महिन्याचा किराणा असतो.

रागावण्याआधी काठी कुठे मोडली ते पाहा. टोकाची चार बोटेच गेली असतील, तर नवी घेऊ नका. तुटलेली कड ओली करून पॉलिश पेपरने घासा आणि टोकाची कडी पुन्हा चिकटवा. काठी थोडी आखूड व ताठ होईल, पण काम देईल. फायबरचा भुसा श्वासात जाऊ देऊ नका.

पोकळ काठी मधोमध मोडली, तर आत घट्ट बसेल असा भरीव तुकडा घाला, दोन नळ्यांचा एपॉक्सी डिंक लावा आणि वरून दोरा गच्च गुंडाळा. एक दिवस हात लावू नका.

चिरा लांबवर गेल्या असतील किंवा काठी मुठीजवळ मोडली असेल, तर मात्र जोडाचा भरवसा धरू नका. रीळ आणि कड्या काढून ठेवा, काठी तेवढी नवी घ्या. बांबूची असेल तर दुसरा बांबूच स्वस्त पडतो.

नवी कार्बनची घेतलीत, तर एक ध्यानात ठेवा. तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ती कधीही उभारू नका. काठी दुसरी मिळते, पोरगा नाही.