काटोलच्या कापसाचे अमेरिकन साल

अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासातली वळणे सांगताना पाठ्यपुस्तके १७७६चा जाहीरनामा, १७८७ची राज्यघटना आणि १८०३ची लुइझियाना खरेदी एवढ्यावर थांबतात. काटोल-नरखेडच्या काळ्या रानात कापूस पेरणाऱ्याने मात्र १७९३ हे साल आधी धरावे. त्या वर्षी जॉर्जियातल्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर एली व्हिटनीने सरकी काढायचे यंत्र जुळवले. मळा होता जनरल नथानिएल ग्रीनच्या विधवेचा. त्या भागातल्या आखूड धाग्याच्या कापसाची रुई सरकीला इतकी घट्ट धरून असते की हाताने दिवसभरात एका माणसाकडून जेमतेम पौंडभर निघे. व्हिटनीच्या रुळावरचे तारेचे दात रुई अरुंद फटींतून ओढून घेत, फटीत न मावणारी सरकी अलीकडे राही आणि उलटा फिरणारा ब्रश दातांवरची रुई झाडून काढी. आता दिवसाला ५० पौंड निघू लागली. परवडत नसलेले पीक एकदम सोन्याचे झाले. त्याची किंमत कोणी मोजली, तेही आकड्यांत दिसते: १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० पर्यंत ३९ लाखांवर गेले.

गुलामी यंत्राच्या आधीपासूनच होती, आणि व्हिटनी नसता तर दुसऱ्या कोणी ते केले असते, असा आक्षेप येतो. तो खराच आहे; होजेन होम्सने १७९६ मध्ये करवतीच्या पात्यांचे यंत्र केलेच. पण मुद्दा व्हिटनीच्या मोठेपणाचा नाही. लँकेशायरच्या गिरण्यांची भूक, पश्चिमेकडची नवी जमीन आणि वेठीला धरलेली माणसे यांची सांगड या यंत्राने घातली, आणि १८५०च्या दशकाअखेरीस ब्रिटनचा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस एका देशातून येऊ लागला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विदर्भाच्या कापसाला दिवस आले ते १८६१-६५च्या यादवी युद्धाने, मग १७९३ कशाला? युद्धात भाव कडाडले, यात वाद नाही. पण वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला १८५३ मध्ये. तिसरे रघूजी भोसले त्याच वर्षी डिसेंबरात वारले आणि पुढच्या वर्षी नागपूर खालसा झाले. त्या निर्णयाच्या समर्थनात गव्हर्नर जनरल डलहौसीने इंग्लंडच्या कापसाच्या गरजेचाही दाखला दिला होता. तेव्हा युद्धाचा पत्ता नव्हता. एकाच देशावर विसंबून राहण्याची धास्ती मात्र मँचेस्टरला होती. उलट रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून भाव कोसळल्यावर. युद्धानेच सारे घडवले असते तर भावाबरोबर हा पसाराही आवरायला हवा होता. तसे झाले नाही. कापूस आणि रूळ दोन्ही हाताशी असल्याने जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात एम्प्रेस मिल काढली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली.

राहिला तिसरा आक्षेप: व्हिटनीचे यंत्र इकडे रुजलेच कुठे? करवतीचे जिन ईस्ट इंडिया कंपनीने आणून पाहिले, १८४० मध्ये अमेरिकन बागायतदारही आणले, पण धारवाडचा अपवाद सोडला तर डाळ शिजली नाही. देशी कापसाचा धागा करवतीत तुटे. आजही आपल्याकडच्या बहुतेक जिनांत दोन रुळांमधून रेचाई होते, आणि ती पद्धत उतरली आहे फोन्स मॅकार्थीच्या १८४०च्या यंत्रावरून. म्हणजे यंत्र आले नाही, मागणी आली. आणि फार उशिरा ते अमेरिकन कापसाचे झाडही. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी वाणांनी देशी कापूस बांधाबाहेर काढला. काटोलच्या शेतकऱ्याच्या गाडीतून जिनवर जाणारा, क्विंटलमागे ३३-३४ किलो रुई देणारा कापूस आज बहुतांशी त्याच जातीचा आहे, जिच्या सरकीसाठी जॉर्जियात ते तारेचे दात बसवले गेले होते.